दाराबाहेरचा पाय

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सांगलीच्या एका सरकारी कचेरीत अपंगांच्या योजना कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे होतं. अधू नजरेच्यांसाठी मी अक्षरं टपोरी केली, अंधांसाठी माझ्याच आवाजात माहिती भरली. आणि साहेबांनी दारावर पाटी लावली: 'चपला बाहेर काढा.' धुळीनं कॉम्प्युटर बिघडतो म्हणे!

पहिलाच माणूस आला तो जतहून. खांद्यावर घोंगडं, डावा पाय गुडघ्याखाली लाकडाचा आणि बूट त्यालाच ठोकलेला. शिपायानं पाटीकडे बोट दाखवलं.

"आवं, ह्यो बूट न्हाई, पाय हाय," माणूस म्हणाला.

मी शिपायाशी भांडलो. "साहेबांचा हुकूम हाय," एवढंच त्याचं पालुपद. शेवटी तो माणूसच पायरीवर बसला. पट्टे सोडून त्यानं पाय काढला, चपलांच्या ओळीत नीट उभा केला आणि भिंत धरून लंगडी घालत आत आला. मी कपाळाला हात लावला.

तो माहिती ऐकत होता, तेवढ्यात साहेब पाहुण्यांना घेऊन आले, पायातले बूट खाडखाड वाजवत. "अपंगांना इथं काही म्हणजे काही अडचण नाही," ते सांगत होते.

त्या माणसानं साहेबांच्या बुटांकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, "साहेबांचं बूट निघत न्हाईत व्हय? माझा तर पाय निघाला."