भानुदासकाकांच्या तोंडून दानियल मास्तर

उस्मानपुऱ्यातल्या मित्राकडून फुलंब्रीला निघालो आणि चुकून उलट्या दिशेच्या पैठणच्या एस.टी.त बसलो. कंडक्टरनं हसत पुढच्या थांब्यावर उतरवलं. मग फुलंब्री गाठून तिथून रिक्षानं गावात पोहोचेपर्यंत दुपार झाली.

मला तिथली दानियल मास्तरांची कबर पाहायची होती. चाळीस वर्षं सायकलवरून वाड्यावस्त्यांवर येशूची सुवार्ता (शुभवर्तमान) सांगत फिरलेला हा उपदेशक. कबरीवरचा पाला एक पागोटेवाले म्हातारे झाडत होते. भानुदास त्यांचं नाव.

"तुम्ही ख्रिस्ती का?" मी विचारलं.

"नाय वो, आम्ही धनगर. आमचा देव बिरोबा. पण मास्तरचा आवाज मी व्हतो."

ते मला घरी घेऊन गेले. काकूंनी बाजरीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची झणझणीत आमटी) वाढलं. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकू हसल्या, काका सांगू लागले.

मास्तरांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. तरी दोन महिन्यांनी ते सायकलवरून आले, बिरोबाच्या पारापाशी उभे राहिले आणि लिहून आणलेला कागद लोकांपुढं धरला. कोणी हात पुढं करेना. लोक उठायला लागले. तेव्हा भानुदासकाकांनी कागद घेतला. मेंढरांमागं रानात फिरणाऱ्या काकांना अक्षरं शिकवली होती ती मास्तरांनीच.

"पहिलीच वळ दिसली अन् माझी जीभ अडली," काका म्हणाले.

"काय लिहिलं होतं?"

"'तरुणपणी याच पारावर मी तुमच्या बिरोबाला नावं ठेवली. मला माफ करा.' तवा त्यांना गावाबाहेर हाकलणाऱ्यांत माझा बाप पुढं व्हता. अन् तो समोरच बसलेला."

"मग?"

"वाचलं. बाप उठला. लोकांना वाटलं, आता मारतो. त्यानं खांद्यावरची घोंगडी पारावर अंथरली. म्हणला, 'मास्तर, बसा. भान्या, तू पुढं वाच.'"



त्यानंतर मास्तर जाईपर्यंत काका दर रविवारी त्यांच्यासोबत गावोगाव फिरले. मास्तर लिहायचे, काका वाचायचे.

"सगळं पटायचं तुम्हाला?"

"काही पटायचं, काही नाय. माणूस लई पटला व्हता."

संध्याकाळी उस्मानपुऱ्यात परतलो. मित्रानं विचारलं, "किती लोकांना ख्रिस्ती केलं रे त्यांनी?"

हा प्रश्न मला दिवसभरात एकदाही सुचला नव्हता. मी त्याला घोंगडी अंथरणाऱ्या त्या बापाची गोष्ट सांगितली.