अ‍ॅसिडकाकांनी इंजिन धुतलं

अ‍ॅसिडकाका कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी हाताला लागेल त्या वस्तूवरून बोट फिरवायचे आणि ते बोट खिडकीच्या उजेडात धरून पाहायचे. कूलरची जाळी असो, गॅसची शेगडी असो, नाहीतर देव्हाऱ्यातली समई. बोटावर काही आलं की त्यांचा चेहरा खुलायचा. घरातली बाई ओशाळायची, पण काकांच्या ते लक्षातही यायचं नाही. घर अस्वच्छ आहे असं त्यांना म्हणायचंच नसायचं. तो थर कशाचा आहे एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असायचं.

पांढरकवड्याच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. नाव तिथल्या पोरांनी ठेवलेलं. मी त्यांच्या घरी वरच्या खोल्यांत भाड्यानं राहत होते आणि शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या पडवीत व्हिनेगर, रॉकेल, धुण्याचा सोडा, लिंबाचं सत अशा बाटल्या-बरण्या मांडून ठेवल्या होत्या. आमच्याकडचं बोअरचं पाणी असं क्षाराचं की नवी बादली महिन्याभरात पांढरी पडते. त्यामुळे गल्लीतली माणसं गिझरची कॉइल, कूलरचा पंप घेऊन त्यांच्याकडे यायची.

"आधी पाह्य, काय जमलं हाय. मंग पाह्य, ते कायनं निघते," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पण एकदा त्यांनीच काकूंचं अ‍ॅल्युमिनियमचं मोठं पातेलं सोड्याच्या कडक पाण्यात घालून ठेवलं आणि ते काळंठिक्कर झालं. ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगत. काकू तेवढ्यापुरत्या दारात येऊन म्हणायच्या, "यायले घाण दिसली की मंग दुसरं काही दिसत नाही."

काकूंच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा काकांनी जुनी गाडी घेतली. एका ठेकेदारानं वर्षानुवर्षं रानातल्या कामांवर पिटाळलेली, पांढरी, पेट्रोलची. आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिसला न्यायचं तर एसटीच्या भरवशावर राहता येत नव्हतं. मुलगी पुसदला, तिची लहान लेकरं. म्हणून शाळा नसली की मी सोबत जायची. गाडीत काकांचा एकच नियम होता, चढावर कुणी बोलायचं नाही. त्यांना इंजिन ऐकायचं असायचं.

त्या मे महिन्यात इंजिन कुरकुरू लागलं. सकाळी सुरू केलं की वरून टकटक आवाज यायचा, चढावर दम लागायचा, मागून धूर निघायचा. काकांनी ऑइल ओतायचं झाकण उघडलं आणि आत बोट घातलं. बोट बाहेर आलं ते काळ्या, घट्ट, खरवडीसारख्या थरानं माखून. ठेकेदारानं वेळेवर ऑइल बदललंच नव्हतं. या वेळी मात्र त्यांच्या चेहऱ्यावर उत्साह नव्हता.

ते राठोड मिस्त्रींकडे गेले. तेव्हा मीही बरोबर होते. काकांच्या हातात इंजिन आतून धुण्याच्या औषधाचा डबा होता. जुन्या ऑइलमध्ये ते ओतायचं, गाडी थोडा वेळ जागेवरच चालू ठेवायची, मग सगळं ऑइल काढून नवं भरायचं, अशी त्याची रीत. राठोडांनी डबा हातात घेऊन पाहिला.

"काका, काही गाड्यायले हे मानवते. पण हिच्यात लय जमलं हाय. खालचं ऑइलचं चेंबर खोलून हातानं धुतलेलं बरं."

"किती वेळ लागन?"

"दोन दिवस गाडी इथं ठेवा लागन."

"दोन दिवस नाहीत माह्याजवळ."

खरंच नव्हते. आदल्या खेपेला दवाखान्यातलं मशीन बंद पडलं आणि काकूंची डायलिसिसची पाळी हुकली होती. त्यांच्या पायांवर सूज चढली होती, आडवं झालं की धाप लागत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना नेणं भाग होतं. भाड्याची गाडी मिळाली असती, पण ऐन लग्नसराईत वेळेवर येईल याची खात्री नव्हती. राठोड म्हणाले, "मंग तुमी पाहा." काकांनी पाहिलं आणि औषध वापरायचं ठरवलं.

संध्याकाळी अंगणात त्यांनी ते काम केलं. काकू पायरीवर बसून पाहत होत्या. खालचा नट सोडला तेव्हा घमेल्यात जे पडलं ते डांबरासारखं होतं, उग्र वासाचं. काका खूश झाले. नवं ऑइल, नवा फिल्टर घालून त्यांनी गाडी सुरू केली. टकटक थांबली होती. "आयक," ते काकूंना म्हणाले. काकू म्हणाल्या, "आयकलं. आता हात धुवा आन् जेवा."

सकाळी निघालो. काकू पुढे, मी मागे. मोहदा गाव मागे पडेपर्यंत गाडी इतकी छान चालली की काका चढावर स्वतःच बोलत होते. मग सागाच्या रानातला रस्ता लागला आणि समोरच्या काचेखाली ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. विझला. पुन्हा लागला आणि तसाच राहिला. वरून टकटक सुरू झाली. काकांनी लगेच गाडी कडेला घेऊन बंद केली.

त्यांनी ऑइलची काडी काढून पाहिली. ऑइल पुरेसं होतं. काडी हातात धरून ते तसेच उभे राहिले, आणि मला त्यांचा चेहरा बदलताना दिसला.

"खालच्या जाळीत गेलं सारं," ते हळू म्हणाले. "औषधानं सुटं झालं, पण बाहेर नाही निघालं. जिथून ऑइल वर चढते ना पोरी, तिथंच जाऊन बसलं."

"आता?"

"तशीच चालवली तं इंजिन जाम होते."

मी फोन काढला. रेंज नव्हती. एक ट्रक हात दाखवूनही निघून गेला, मागून आलेली जीप दारांपर्यंत भरलेली होती. ऊन तापलं होतं. काकूंनी दार उघडून पाय बाहेर सोडले होते आणि तोंडानं श्वास घेत होत्या. एका वाक्यात दोनदा थांबावं लागत होतं त्यांना. "पाणी देऊ?" म्हटलं तर मान हलवून नको म्हणाल्या. पाणी त्यांना मोजूनच चालायचं.

काका बोनेटवर दोन्ही हात टेकून उभे होते. मग एकदम म्हणाले, "गाळ खाली बसते." मला कळलं नाही. ते म्हणाले, "इंजिन बंद असलं की ओढ थांबते. जाळीले चिकटलेलं सुटून खाली बसन. चालू केलं की घडीभर ऑइल चढन. तेवढ्यात जेवढं जाता येईन तेवढं जाऊ."

आणि तसंच झालं. थांबून पुन्हा गाडी सुरू केली तेव्हा दिवा विझला. काका हळू, एकसारख्या वेगानं चालवू लागले. थोडं अंतर गेलं की दिवा लुकलुकायचा. ते गाडी बंद करायचे. रानातली किड्यांची किर्र आणि काकूंचा श्वास, एवढंच ऐकू यायचं. थांबलो की इंजिन वाचत होतं आणि काकूंची वेळ जात होती. प्रत्येक खेपेला गाडी आधीपेक्षा थोडी कमी चालत होती, हे माझ्याही लक्षात आलं होतं. मी वहीच्या पुठ्ठ्यानं काकूंना वारा घालत होते.

एका थांब्यावर काका स्टिअरिंगवर कपाळ टेकून म्हणाले, "माह्याच हातानं झालं हे."

काकूंनी डोळे न उघडता म्हटलं, "ते घरी गेल्यावर बोला. आता... रस्त्याकडं पाहा."

जोडमोह्याच्या पुढे चढ लागला आणि दिवा लागला तो ऐन चढावर. मी पुढे वाकून काकांकडे पाहिलं. त्यांचा पाय ब्रेककडे गेला. तेवढ्यात काकू खोकल्या. तो खोकला ओला होता, आतून पाणी यावं तसा. काकांनी पाय मागे घेतला आणि गाडी दाबली.

"काका, दिवा..."

"दिसून राह्यला मले."

टकटक वाढली. मग खालून ठोकल्यासारखा जड आवाज येऊ लागला. गाडी थरथरत होती. काकांच्या मानेवरून घाम वाहत होता, पण त्यांनी एकदाही दिव्याकडे पाहिलं नाही. चढ संपता संपता इंजिनात काहीतरी करकचलं आणि ते बंद पडलं. काकांनी गिअर सोडवला. गाडी उरल्या वेगात, आवाज न करता पुढे घसरत जाऊन एका चहाच्या टपरीपाशी थांबली.

तिथे यवतमाळच्या बाजारात चाललेला भाजीचा टेम्पो उभा होता. चालकानं काकूंचा चेहरा पाहिला आणि चहा तसाच ठेवून उठला. काकू आणि मी पुढे बसलो. काका मागे भेंडीच्या क्रेटांवर दोरी धरून उभे राहिले. आरशातून मला त्यांचा फक्त शर्ट फडफडताना दिसत होता.

दवाखान्यात काकूंना आधी ऑक्सिजन लावला, मग मशीनवर घेतलं. सिस्टरनं माझ्यावर आवाज चढवला, "इतकं होईपर्यंत थांबता कायले?" दुपारी काकूंची धाप कमी झाली आणि त्या झोपल्या. काका बाहेर नळावर होते. हात काळे आहेत म्हणून आत येत नव्हते, आणि ते काळं काही निघत नव्हतं.

राठोडांनी गाडी ओढून आणली आणि चेंबर खोललं. जाळीवर काळी कातडी चढल्यासारखं झालं होतं. राठोड म्हणाले, "काका, म्याही तुमाले सरळ 'नको' म्हणाले पाह्यजे होतं." काकांनी मान हलवली. "औषध खोटं नव्हतं. तुमीही खोटं नाही बोलले. मले घाई होती." पुढे काका गॅरेजवर असताना कुणी तसला डबा घेऊन आलं की ते सगळी हकिकत सांगायचे. मजा यावी म्हणून नव्हे, आणि पातेल्याच्या गोष्टीसारखी हसतही नव्हे.

राठोडांनी दुसरं इंजिन बसवून दिलं. पण काका आता काकूंना त्या गाडीत बसवायला तयार नव्हते. त्यांनी भाड्याची गाडी ठरवली. ती सकाळी दारात येऊन उभी राहिली आणि काकू काठी टेकत सरळ तिच्या बाजूनं जाऊन आपल्या पांढऱ्या गाडीत बसल्या.

"अवो, ते ठरवलेलं हाय," काका म्हणाले.

"मंग तुमी जा त्यात. मी इच्यात येतो."

काका किल्ली आणायला आत गेले. बाहेर यायला त्यांना वेळ लागला.

त्यानंतर बंजारा तांड्यावरच्या प्रेमसिंगची आईही, तो तिला याडी म्हणायचा, काकांच्या गाडीतून त्याच पाळीला येऊ लागली. दोघी मागे बसायच्या, प्रेमसिंग पुढे. काकू आणि ती म्हातारी, दोघींच्या बोलीत अर्धं कळायचं, अर्धं नाही, पण त्यांचं बोलणं यवतमाळ येईपर्यंत संपायचं नाही. चढावर गप्प बसायचा नियम त्या दोघींनी मोडून टाकला. काकांनी त्यांना कधी टोकलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात काकू गेल्या. घरीच, दुपारी, झोपेत. दिवस झाल्यावर मुलगी काकांना पुसदला न्यायला आली. बाटल्या-बरण्या त्यांनी गल्लीत वाटून टाकल्या होत्या. गाडी त्यांनी प्रेमसिंगला दिली. त्याची आई अजून डायलिसिसला जात होती.

अंगणात काका त्याला एकेक गोष्ट समजावत होते. ऑइल कधी बदलायचं, कुठलं घालायचं, झाकण उघडून आत काय पाहायचं. प्रेमसिंग मान डोलवत होता.

"आन् हे पाह्य," काका म्हणाले, "लाल दिवा लागला की गाडी थांबवायची. तिथंच. एक पाऊलभरही पुढं न्यायची नाही."

"हाव."

"पण मांगं याडी बसली असन..."

काका थांबले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. प्रेमसिंग वाट पाहत होता.

"तं मंग तू ठरव," काका म्हणाले, आणि किल्ली त्याच्या हातात ठेवून मुलीच्या गाडीत जाऊन बसले.