भाड्याचं मैदान

आमच्या महाविद्यालयात क्रीडाशिक्षकाची जागा मी रुजू झालो तेव्हापासून रिकामी होती. ती भरली जाईपर्यंत जिमखाना कुणाकडे द्यायचा, असा प्रश्न एका सभेत निघाला आणि प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाणिज्य शाखेला हिशेब शिकवतो. शाळेत खो-खोच्या वेळी मी सगळ्यांच्या चपला सांभाळायला बसायचो, हेही त्यांना सांगून पाहिलं.

"अहो, म्हणूनच तुम्ही," ते म्हणाले. "आपल्याकडे खेळ कमी आणि हिशेब जास्त आहे."

हे त्यांनी अगदी खरं सांगितलं होतं. विरार पश्चिमेला गृहसंकुलांच्या मधोमध आमची तीन मजली इमारत. मैदान नाही. जिमखाना म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे दोन कॅरम, एक बुद्धिबळाचा पट आणि एक लोखंडी कपाट. जिमखाना फी मात्र प्रत्येकाकडून प्रवेशाच्या वेळीच घेतली जायची. वर्षातून एक दिवस मैदान भाड्याने घेऊन आम्ही क्रीडा महोत्सव करायचो. जुन्या वह्या उघडल्या तर खर्च ओळीने मांडलेला: मैदान भाडं, मंडप, लाउडस्पीकर, पाहुण्यांची शाल, नारळ, फोटोग्राफर, अल्पोपाहार. सगळ्यात शेवटी 'खेळाडू आहार' नावाचं एक खातं होतं. त्यातले पैसे बहुतेक वर्षी तसेच उरलेले. वह्या इतक्या नीटनेटक्या होत्या की मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

त्याच वर्षी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गिरीज गावची एक मुलगी आली. घरची केळीची वाडी. एक दिवस जिन्याखाली डोकावून तिने विचारलं, "सर, प्रॅक्टिस किती वाजता असते?"

"कसली?"

"रनिंगची. मी पाच हजार मीटर पळते."

मी तिला कॅरमची वेळ सांगितली. तिने कॅरमकडे पाहिलं. "ठीक आहे सर. मग मी आमच्या वाडीच्या रस्त्यावरच करते," म्हणाली आणि गेली.

महोत्सवात मुलींची शर्यत पंधराशे मीटरची होती, कारण मैदान दुपारपर्यंतच मिळालं होतं. ती पहिली आली तेव्हा बाकीच्या अर्धा फेरा मागे होत्या. प्रमुख पाहुणे मात्र अजून पोचायचे होते. ते आले तोवर मुली कपडे बदलून वडापावच्या रांगेत उभ्या. प्राचार्य घाईने माझ्याकडे आले. "मुलींची शर्यत परत घ्या. साहेबांसमोर काहीतरी पळताना दिसलं पाहिजे."

कशाबशा चार मुली जमल्या. ती रेषेवर उभी राहण्याआधी माझ्याजवळ आली. "सर, खरं पळू की फोटोपुरतं?"

"फोटोपुरतं," मी म्हणालो.

पहिला फेरा तिने माझं ऐकलं. दुसऱ्यात बहुधा विसरली. पाहुणे फोनवर बोलत होते, प्राचार्य पाहुण्यांकडे बघत होते, आणि घड्याळ माझ्या हातात होतं. दुसऱ्यांदा ती पहिल्या शर्यतीपेक्षा कमी वेळात आली. मला खेळातलं काही कळत नाही, पण दोन आकड्यांतला फरक कळतो.

तिला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला पाठवायचं मी ठरवलं. तिचे बूट तळातून उललेले होते, म्हणून खिळ्यांच्या बुटांसाठी अर्ज केला. प्राचार्यांनी तो वाचून बाजूला ठेवला. "तरतूद संपली. मंडप महागला यंदा. आहाराच्या खात्यात आहेत ना? केळी द्या तिला."

एका खात्याचे पैसे दुसऱ्या खात्यात वापरायचे नाहीत, हा धडा मीच वर्गात शिकवायचो. मी तिला बोलावून सांगितलं, "केळी घे आणि पक्कं बिल आण."

"सर, मी घरचीच केळी खाते. त्याचं बिल कोण देणार?"

"मग दुकानातून घे."

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. पन्नाशीचा, शांत बोलणारा माणूस. खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

"म्हणजे सर, माझी केळी बाजारात जाणार, तीच माझ्या मुलीने दुकानदाराकडून विकत घ्यायची, आणि मग तुम्ही पैसे देणार?"

"नियम तसा आहे."

"नियम चांगला आहे," ते म्हणाले, "दुकानदारासाठी." मग हसले आणि नमस्कार करून निघून गेले. आहाराचे पैसे त्या वर्षीही उरले.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे त्यांनीच आम्हाला आपल्या टेम्पोतून मुंबईला सोडलं. टेम्पोला तिकीट नसतं, त्यामुळे प्रवासभत्ता बसत नव्हता. पण ते त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही. मैदानावर दुसऱ्या महाविद्यालयाची एक मुलगी आपली शर्यत आटपून बसली होती. तिने हिच्या पायांकडे पाहिलं आणि आपले खिळ्यांचे बूट काढून पुढे केले. ते एक नंबर मोठे होते. मी माझा रुमाल फाडला, आणि हिने तो बुटांच्या पुढच्या टोकात कोंबला.

पाच हजार मीटरमध्ये ती दुसरी आली. शेवटच्या फेऱ्यात मी इतका ओरडलो की पुढचे दोन दिवस वर्गात आवाज फुटत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रवेशद्वारावर फ्लेक्स लागलेला. संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो, प्राचार्यांचा फोटो, माझाही. खालच्या कोपऱ्यात गोलात ती. वर ठळक अक्षरांत 'महाविद्यालयाच्या भक्कम पाठबळामुळे'. हा खर्च कुठल्या खात्यातून, मी कार्यालयात विचारलं. "प्रसिद्धी," उत्तर आलं. त्या खात्यात शिल्लक होती.

ती फ्लेक्सखाली उभी होती. "सर, तुमचा फोटो छान आलाय," ती म्हणाली. ती चेष्टा करत होती का, हे मला आजही ठरवता येत नाही.

वर्ष संपल्यावर मुंबईच्या एका मोठ्या महाविद्यालयाने तिला फी माफ करून बोलावलं. प्रशिक्षक, बूट, सगळं त्यांचं. महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्यासाठी प्रत्येक विभागाची 'येणे बाकी नाही' अशी सही लागते. मी रजिस्टर पाहिलं. तिच्या नावावर स्पर्धेसाठी दिलेला एक ट्रॅकसूट होता.

"तो जमा करावा लागेल," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिने तो धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणला. मी तो उलगडून पाहिला, जॅकेट एक, पँट एक असं लिहिलं आणि सही केली. मग मला काहीतरी बोलावंसं वाटलं.

"येत जा कधीतरी."

"कुठे, सर?" तिने खरोखरच विचारलं.

पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला मी गोळाफेकीच्या एका मुलाला घेऊन गेलो होतो. ती दुसऱ्या रंगाच्या गणवेशात धावली आणि पहिली आली. तिच्या संघाचे व्यवस्थापक माझ्या शेजारी उभे होते.

"तुमच्याकडचीच ना ही?" त्यांनी विचारलं. "अशी मुलगी सोडलीत कशी?"

"नियमानुसार," मी म्हणालो.

त्यांना वाटलं मी विनोद केला. ते मनापासून हसले आणि तिला पाण्याची बाटली द्यायला पळत गेले.