बेचाळिसाव्या पानावरची नोंद

भूत, करणी, अंगात येणं... मी यातलं काही कधी मानलं नाही. नेसरीत आमच्या शेजारणीच्या अंगात यायचं. एकदा मी तिच्यावर कळशीभर गार पाणी ओतलं, लगेच उतरलं. तेव्हा पुढचं वाचून मला भोळी समजू नका.

माझे मालक गडहिंग्लजजवळच्या एका ऊस संशोधन केंद्रात मेकॅनिक होते. तिथे काचेच्या बाटल्या वाफेवर तापवून जंतू मारायचं मशीन होतं. मोठा कुकरच म्हणा. एक दिवस त्याचं झाकण उडालं. मालक भाजले, चौथ्या दिवशी गेले. चौकशीत लिहिलं – 'मेकॅनिकने बिघाडाची नोंद केली नाही.'

केली होती. आदल्या दिवशी जेवताना मला म्हणाले होते, "रजिस्टरला लिवलंय, सायबाला बी सांगितलंय. आता ऐकत्यात का बघू."

रजिस्टरात चाळीसनंतर थेट त्रेचाळीस नंबरचं पान होतं, मधला कागदच नव्हता. ते का, हे कुणी विचारलं नाही.

पुढे मला कोल्हापूरच्या मुख्य ऑफिसात शिपाई म्हणून घेतलं. दोन हजार सालानंतर संस्थेच्या तिन्ही केंद्रांची मशीन-दुरुस्तीची रजिस्टरं एकत्र करून कॉम्प्युटरात घालायचं निघालं. एकाच मशीनला तीन ठिकाणी तीन नावं. आमचे मालक तर मशीनला माणसांची नावं द्यायचे आणि रजिस्टरातही तीच लिहायचे. टायपिंगला गडमुडशिंगीची वैशाली होती. सारखी हाक मारायची.

"मावशी, ही 'सासूबाई' कंचं मशीन ओ?"

"फुसफुसती ती. कुकर."

"आणि 'जावई'?"

"पाण्याचा पंप. आठ दिस चालायचा, मग रुसून बसायचा."

पोरगी खिदळायची आणि टाइप करायची.

एका दुपारी म्हणाली, "मावशी, 'सासूबाईच्या झाकणाची डावी कडी झिजली. मशीन लावू नये. साहेबांना सांगितले.' पान बेचाळीस. घेतलं बघा."

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. "रजिस्टर दाव."

चाळीस... त्रेचाळीस. मध्ये काही नाही. पोरीचं तोंड उतरलं. "आत्ता वाचलं की मी! मावशी, आईशप्पत, हितंच हुतं!"

मालकांचं ते बोलणं मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. आणि कडीचं तर मलाही ठाऊक नव्हतं.

मी ऑफिसातल्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "मावशी, पान दाखवा, नोंद ठेवतो."

"पान कुणी फाडलं, त्ये तुमी दावा."

"ते माझ्या आधीचं आहे." त्यांनी वैशालीला ती ओळ काढायला लावली. तिनं माझ्याकडे न बघता काढली.

छापील यादीत कुकरपुढे आलं – 'बिघाडाची नोंद नाही.' ती यादी केंद्रांना पोचवायला मलाच एस.टी.नं पाठवलं. गडहिंग्लजला शेडमागे भंगारात ते झाकण पडलेलं होतं. मी हातानं उलटं केलं. डावी कडी झिजून पत्र्यासारखी पातळ झाली होती. तिथल्या क्लार्कला ओढत नेऊन दाखवली.

"आता काय उपेग, मावशी?" म्हणाला. यादी मिळाल्याची सही केली आणि आत गेला.

वैशालीनं ते पान कसं वाचलं, मला आजवर कळलेलं नाही. मेलेला माणूस येऊन लिहून जातो, हे मी आजही मानत नाही. पण त्यांनी जिवंतपणी लिहिलं होतं.