नाना पेशंट झाले तेव्हा

इंग्लंडमध्ये डॉक्टर म्हणून नोंदणी करायची तर आपल्याला इंग्रजी येतं हे आधी सिद्ध करावं लागतं. त्यासाठी दोन परीक्षा चालतात. एक सगळ्यांची, इंजिनिअर, विद्यार्थी, कोणीही देतो ती. दुसरी फक्त डॉक्टर-नर्स वगैरे मंडळींची. मी आधी सगळ्यांची दिली आणि लेखनात अर्ध्या गुणानं आपटले. सार्वजनिक वाहतूक मोफत असावी का, यावर निबंध लिहायचा होता. मला त्यावर मतच नाही. मधुमेहावर विचारा, तासभर बोलेन.

तिकडच्या एका हॉस्पिटलनं माझी जागा धरून ठेवली होती. एकदा वाट पाहिली, पुन्हा पाहणार नाही, असं त्यांनी स्वच्छ कळवलं होतं. म्हणजे उरली एकच संधी, आणि ती कुठल्या परीक्षेवर लावायची एवढं ठरवायचं होतं.

कॉलेज रोडच्या ज्या क्लासला मी जायचे, तिथं सगळ्यांचं एकच म्हणणं: तीच पुन्हा दे, अर्ध्या गुणाचा तर प्रश्न आहे. नानांचंही तेच. नाना म्हणजे माझे वडील. चांदवडकडच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि आई गेल्यापासून तिथल्या घरी एकटेच राहतात. मी एकुलती एक. नाशिकला माझ्याकडे या म्हटलं की त्यांना घरामागच्या शेवग्याची काळजी लागते. दुसऱ्या परीक्षेचं नाव काढल्यावर ते फोनवर म्हणाले, "डॉक्टरांची इंग्रजी वेगळी असती का गं? उद्या कांदेवाल्यांची वेगळी काढतील."

मी मात्र हट्टाला पेटले. या दुसऱ्या परीक्षेत पेशंटची माहिती देतात, त्यावरून दुसऱ्या डॉक्टरला पत्र लिहायचं. मग परीक्षक पेशंट होतो, त्याच्याशी बोलायचं. ही दोन्ही कामं मी रोज करते. जे रोज करते त्यात नापास झाले तर निदान लाज तरी योग्य जागी वाटेल, असा माझा हिशोब होता. फॉर्म भरून मोकळी झाले.

पहिल्याच सरावात क्लासच्या बाईंनी पेशंटची भूमिका केली. छातीत दुखतं म्हणून आलेला म्हातारा. मी तपासलं, औषध सांगितलं आणि शेवटी अगदी प्रेमानं, इंग्रजीत, म्हणाले, "काही होत नाही, अंकल." नथिंग हॅपन्स. शब्दाला शब्द.

बाई माझ्याहून लहान. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "वाक्य विचित्र आहे, पण ते सोडा. त्याला भीती कशाची वाटते ते तुम्ही विचारलंच नाहीत. त्याचं तोंड बंद केलंत."

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. दिंडोरीकडचा एखादा माणूस येतो, "मॅडम, छातीत कसंतरी व्हतंय" म्हणतो. मी ईसीजी बघते, काही होत नाही म्हणते, आणि त्याचा चेहरा उजळतो. आमच्याकडे हे वाक्य म्हणजे अर्धं औषध. बाहेर रांग गेटपर्यंत गेलेली असताना, काका, तुम्हाला मनातून कसली भीती वाटते, असं विचारत बसले तर दवाखाना बंद व्हायला मध्यरात्र होईल. हे सगळं मी बाईंना सुनावलं. त्या म्हणाल्या, "परीक्षकाला तुमची रांग दिसणार नाही."

क्लासमधले बाकीचे लोक ती सगळ्यांसाठीची परीक्षा देत होते, त्यामुळे सरावाला मला जोडीदार मिळेना. शेवटी नानाच एसटीनं यायला लागले. दर रविवारी. परीक्षेला नावं ठेवत, पण इस्त्रीचा शर्ट घालून. पेशंट म्हणून नाना अवघड. हार्ट अटॅक आलेला असायचा आणि मध्येच डोळे उघडून म्हणायचे, "इथं 'द' कशाला घातलास?" एकदा मी म्हटलं, "नाना, तुम्ही मरायला टेकलाय." ते म्हणाले, "म्हणून काय चूक ऐकून घेऊ?"

'काही होत नाही' माझ्या तोंडून जाता जात नव्हतं. प्रत्येक वेळी वाक्याच्या टोकाला ते यायचंच. म्हणून परीक्षेआधीच्या रविवारी मी ठरवलं की आज फक्त भीतीचा तो एक प्रश्न घोटायचा. नानांच्या हातात कार्ड दिलं: पेशंट म्हातारा, शुगर वाढलेली, इन्सुलिनच्या सुईला घाबरतो. मी चार गोष्टी विचारल्या आणि मग इंग्रजीत म्हटलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?"

नानांनी कार्डाकडे बघितलं नाही. स्वच्छ, शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले, "मी बाथरूममध्ये पडेन आणि कोणाला कळणार नाही, याची."

हे कार्डात नव्हतं. मला वाटलं, मला अडकवायला काहीतरी रचतायत. मी शिकवल्याप्रमाणे पुढचा प्रश्न टाकला. "असं आधी कधी झालंय?"

"एकदा. दिवाळीच्या आधी."

"तुम्ही घरच्यांना सांगितलंत?"

"मुलगी आहे. तिची तेव्हा परीक्षा होती."

ती माझीच पहिली परीक्षा. त्या आठवड्यात मी त्यांना रोज फोन केला होता आणि रोज ते "मजेत" म्हणाले होते. मी मराठीत आले. "नाना, कुठं लागलं होतं? डोक्याला?"

त्यांनी कार्ड सरळ केलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मध्येच भाषा बदलू नको. मार्क जातील. आधी इंग्रजीत पूर्ण कर."

मला रडू येत होतं, आणि त्यांचा रागही येत होता. तरी मी खुर्ची थोडी पुढं ओढली आणि तोच प्रश्न इंग्रजीत विचारला.

"स्लाइटली," नाना म्हणाले, आणि डोक्याच्या मागं हात नेऊन मला जागा दाखवली.