खुनी सापडतो ना?

भिवंडीतल्या आमच्या वाचनालयात ती बाई दर शनिवारी दिसायची. नाव मी कधी विचारलं नाही. ती फक्त हलक्याफुलक्या रहस्यकथा न्यायची, ज्यांत एखादी खानावळवाली किंवा केक करणारी बाई खुनी शोधून काढते. मलाही त्याच आवडतात. खून होतो, तरी फोडणीचा वास दरवळत राहतो. पण ती आधी शेवटचं पान वाचायची, मान डोलवायची आणि मगच पुस्तक पिशवीत टाकायची.

एकदा मी हसून म्हणाले, "अहो ताई, मग मजा काय उरली?"

"खुनी सापडतो ना, तेवढंच बघते," ती सहज म्हणाली. "माझी बहीण सासरी जेवायला बसली आणि ताटावरच गेली. आम्ही अंबाडीहून पोचेपर्यंत त्यांनी सगळी भांडी घासून ठेवलेली. कोणी काय विचारलंच न्हाय."



तिने हातातलं पुस्तक उलटलं. त्याची शेवटची पानं फाटलेली होती. ती माझ्याकडे वळली.

"तुम्ही वाचलंय हे? सापडतो ना?"

मी ते वाचलं नव्हतं.

"सापडतो," मी म्हणाले.