लाल गाडीची मागची अक्षरं

गॅरेजात सगळे त्याला खवट म्हणत, आणि त्यानेही ते नाव कधी खोटं पाडलं नाही. अकरा वर्षं तो गाड्यांच्या कारखान्यात उभा राहून डिकीवर कंपनीची अक्षरं चिकटवत असे. पुढे ते काम यंत्राकडे गेलं, तेव्हापासून तीच अक्षरं काढून तो पोट भरू लागला. स्वतःच्या या प्रगतीविषयी त्याचं मत बरं नव्हतं. गिऱ्हाइकांविषयीचं तर छापण्याजोगं नाही.

गॅरेज साडूचं, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. मागच्या भिंतीलगतचा कोपरा तेवढा खवटचा. तिथे एक स्टूल, बायकोचा हेअर ड्रायर, तंगुसाचं रीळ आणि रॉकेलचा डबा. अक्षर ड्रायरने गरम करायचं, मागून तंगूस घालून करवतीसारखा ओढायचा, उरलेला गोंद अंगठ्याने मळून काढायचा. नियम एकच: पहिलं अक्षर मालकासमोर. वर्षानुवर्षं उन्हात गाडीचा रंग विटतो, अक्षराखालचा मात्र तसाच राहतो. अक्षर गेलं तरी सावली मागे उरते. ती बघून मालक नको म्हणाला, तर अक्षर पुन्हा जागच्या जागी.

या नियमापायी भांडणं फार होत. गेल्याच आठवड्यात साडूने निर्वाणीचं सांगितलं होतं, "आता एकाही गिऱ्हाइकाशी तोंड वाजवलंस, तर कोपरा खाली करायचा."

सोमवारी सकाळी शिकवणीवाले सर आले. लाल गाडी, सात वर्षं उघड्यावर उभी केलेली. मॉडेल सगळ्यांत स्वस्तातलं, आणि ते मागे ठळक लिहिलेलं.

"ही अक्षरं काढून टाका. पालक बघतात."

"बघू देत की," खवट म्हणाला. "तुम्ही पोरांचे मार्क भिंतीवर लावताच ना?"

सरांनी साडूकडे पाहिलं, साडूने खवटकडे. खवट नमला. "बरं, पाच मिनिटं थांबा. पहिलं अक्षर तुमच्यासमोर काढतो, म्हणजे खालचा रंग..."

"मला बॅच आहे. काम येत नसेल तर तसं सांग."

"येतं हो त्याला," साडू मध्ये पडला. "जिभेला हाड नाही, एवढंच. तुम्ही निघा, सर. आणि तू, एक शब्द बोलू नकोस. काढ सगळी."

खवटने सगळी काढली. ओरखडा नाही, गोंदाचा कण नाही. संध्याकाळी सर आले तेव्हा विटक्या डिकीवर तेच नाव गडद लाल रंगात उमटलं होतं, आणि पूर्वीपेक्षा नीट वाचता येत होतं. आधी निदान अक्षरांवर धूळ असायची.

"हे काय करून ठेवलंय?" सर किंचाळले.

"अरे, आधी सांगायचं नाही का?" साडू खवटवर उखडला.

"सांगायला तोंड लागतं, साडूभाऊ. ते सकाळी तुम्ही बंद केलंत."

"मुद्दाम केलंय ह्याने!" साडू सरांना म्हणाला आणि खवटकडे वळला. "ऊठ. उचल तुझं बिऱ्हाड."

खवट उठला. मग, कोपऱ्याकडे बघत, त्याच्या मानाने फारच गोड आवाजात म्हणाला, "पॉलिशने सावली फिकी होईल. दोन तास लागतील. हलक्या हाताने करावं लागेल, कडेला रंग पातळ असतो."

"मला शिकवू नकोस. हे गॅरेज माझं आहे."

साडूने स्वतः पॉलिशचं यंत्र लावलं आणि सरांना दाखवायला चांगलं दाबून धरलं. खवट रीळ पिशवीत टाकत असताना यंत्राचा आवाज बदलला. डिकीच्या कडेचा लाल रंग उडाला होता आणि तळहाताएवढं राखाडी अस्तर उघडं पडलं होतं.

"अहो, पण नाव अजून दिसतंय!" सर म्हणाले.

साडूने यंत्र बंद केलं. त्याच्या कपाळावर घाम होता. "बघत काय उभा राहिलास? ये, धर इकडे."

खवटने स्टूल काखोटीला मारलं.

"कोपरा रिकामा झालाय," तो म्हणाला. "गाडी तिथे लावा. पाठ भिंतीकडे करून."